आडवी बाटली आणि आपल्या हातात काय आहे

प्रिय वैशे,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, पोळ्या लाटता लाटता ऐकला म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. पक्ष फुटतात, आमदार हॉटेलात जाऊन बसतात, आपण मत एकाला देतो आणि खुर्चीवर दुसराच दिसतो, या लोकशाहीचं काही खरं नाही, सगळं मान्य आहे गं. माझं भांडण फक्त तुझ्या शेवटच्या वाक्याशी आहे, "आपल्या हातात काय आहे". आमच्याकडच्या बाटलीची गोष्ट मी तुला फोनवर तुकड्या तुकड्यात सांगितली असेल, आज अख्खी सांगते, चहा घेऊन बस.

आमच्या गावात स्टँडजवळ लायसनवालं देशी दारूचं दुकान होतं. शाळेच्या पोरी त्याच रस्त्याने जायच्या, रोज काहीतरी ऐकून यायच्या. ग्रामसभेत विषय निघाला की पुढारी म्हणायचे बघू, करू, वर कळवलंय. शेवटी आमच्या थोरल्या जाऊबाई, सातवी शिकलेल्या, कुठून तरी २५ मार्च २००८ च्या सरकारी आदेशाची झेरॉक्स घेऊन आल्या. त्यात असं आहे की गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर त्या सह्या तपासून सरकारला गुप्त मतदान घ्यावंच लागतं, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमदार नको, मंत्री नको. मला तर आधी खरंच वाटेना की असा काही कायदा आपल्या राज्यात आहे!

पण निम्म्याहून जास्त म्हणजे कोणाच्या, ते ऐक. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नाहीत हां, यादीत जेवढ्या बायका आहेत त्या सगळ्यांच्या. आमदार, खासदार निवडून यायला समोरच्यापेक्षा एक मत जास्त असलं की झालं, अर्धा मतदारसंघ झोपून राहिला तरी चालतं. इथे यादीत हजार बायका असतील तर आडवीला पाचशे एक पाहिजेत. म्हणजे जी घरी बसली तिने उभ्या बाटलीला मत दिलं. वारलेली म्हातारी, लग्न होऊन गेलेली पोर, मुंबईला धुणीभांडी करणारी भावजय, यादीत नाव आहे तोवर सगळ्या दुकानदाराच्या बाजूने मोजल्या जातात. इतका कडक नियम कशाला केला म्हणून मी तेव्हा चिडले होते, अजूनही थोडा अन्याय वाटतोच. पण त्याच नियमामुळे आमच्या बायका मतदार यादी घेऊन बसल्या. पाराजवळच्या ओट्यावर यादीची प्रिंट, एक जण नाव वाचतेय, बाकीच्या सांगतायत ही वारली, ही पुण्याला, ही कोण बाई आपल्या गावातली नाहीच. मग मृत्यूचे दाखले गोळा करून यादीतून नाव काढायचा फॉर्म ७ भरणं, मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओच्या मागे लागणं (आमची बीएलओ अंगणवाडीची ताईच, ती बिचारी आधीच अर्धमेली झालेली असते). मतदार यादीत घोळ आहे म्हणून टीव्हीवर जो आरडाओरडा चालतो ना, तो घोळ गावाच्या पातळीवर निस्तरायचं काम एवढं साधं आणि एवढं कंटाळवाणं आहे.

सह्यांच्या पडताळणीला खरी गंमत. सही जुळत नाही म्हणून नावं उडवायला लागले, कारण बाईने आयुष्यात सही केलेली दोनदा, एकदा बँकेत आणि एकदा बचत गटाच्या वहीत, ती जुळणार कशी? कोणाच्या नवऱ्याने दम दिला, कोणाच्या घरी आदल्या रात्री साड्या पोचल्या. एक जण साडी ठेवून घेऊन वर म्हणाली, साडी माझी आणि शिक्का पण माझाच. मी असते तर परत केली असती बहुतेक, पण तिचंही काही चुकलं असं मला वाटत नाही.

मतदानाच्या दिवशी लग्न होऊन गेलेल्या पण अजून इकडच्या यादीत असलेल्या मुलींना फोन करकरून बोलावलं, जीप केली, वर्गणी काढली. थोडक्यात निघालं, पण निघालं, बाटली आडवी झाली.

आता तू विचारशील मग दारू बंद झाली का. नाही. दुकान बंद झालं. दारू शेजारच्या गावातून पिशवीतून येते, मोटारसायकलवर, थोडी महाग. यातून गाव सुधारलं वगैरे मी सांगणार नाही, पिणारे पितायत.

पण मतदानानंतर या बायका घरी गेल्याच नाहीत असं म्हण हवं तर. ग्रामसभेला कोरम लागतो, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. आमच्याकडे कोरम नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चार टाळकी बसून ठराव लिहायचे, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. आता बायका येऊन बसतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते हेही त्यांनीच वाचून काढलं. कोणाची तरी कॉलेजातली पोरगी ई-ग्रामस्वराज ही पंचायतीच्या हिशोबाची सरकारी वेबसाइट उघडून वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च झालाय ते मोठ्याने वाचते, मग ग्रामसेवकाला घाम. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाचं तू ऐकलं असशील, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. सगळे ती घोषणा सांगतात, पण त्या गावाने अभ्यास गट चालवला, माणसं बसून कायदा समजून घ्यायची आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, ते कोणी सांगत नाही कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

उलटी उदाहरणं पण आहेत, मी काही गावाची आरती ओवाळत नाहीये. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला होता, बोली दोन कोटींच्या वर, तेही मंदिराच्या नावाने! जानेवारी २०२१ मध्ये निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. लोकांना त्यात वावगं वाटलं नाही, पैसा देवळाला जातोय ना मग झालं.

आणि तुमचं पुणं? रागावू नकोस, पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटनेत लिहिलेलं असताना मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आरक्षण, प्रभागरचना, तारखा, शेवटी निवडणूक घ्या असं सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं. त्या काळात तू मला ट्रॅफिकचे, खड्ड्यांचे, टँकरचे मेसेज केलेस, दिल्लीवर पण बरंच बोललीस, पण आम्हाला नगरसेवकच नाही असं एकदाही म्हणाली नाहीस. लक्षातच आलं नसेल. तुझ्या सोसायटीत शिकलेली, वकील, सीए झालेली माणसं, त्यांच्याही आलं नसेल.

तुमच्याकडे करण्यासारखं काही नाही असं नाही. कार्यालयात सोमवारी तीन ते पाच नागरिकांना फाइली बघू द्यायच्या, ही पद्धत तुमच्या महापालिकेतूनच सुरू झाली, मग २०१८ मध्ये सरकारने बाकीच्या ठिकाणीही लागू केली. बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवणंही पुण्यात २००६ पासून आहे. तुझा हाफ डे कधी शिल्लक असेल तर सोमवारी जाऊन बघ, देतायत का फाइल. नाही दिली तर दहा रुपयांचा आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाक, मसुदा जाऊबाईंकडून आणून देते, त्या आता त्यात एक्सपर्ट झाल्यात.

बाकी इकडे ऊस तुटला नाही अजून, टोळी मिळत नाहीये. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. आणि तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांची नावं मला पाठव, गूगल न करता.

तुझी,
नंदी