गाडी उचलली, पण तू म्हणालास तशी नाही

औसा,
मार्गशीर्षातला पहिला रविवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस. 'चार इंच उचल, मोठे टायर घाल, मोकळा हो,' म्हणालास आणि तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून पत्र लिहितोय. लांबेल. चहा घेऊन बस.

गाडी तुला ठाऊक आहेच. 1998ची लांब चॅसीची महिंद्रा, फोर बाय फोर, पुढं-मागं पाटेच पाटे (लीफ स्प्रिंग). आधी रुग्णवाहिका होती, म्हणून छत उंच, आत वाकून उभं राहता येतं. मी घेतली तेव्हा आत स्ट्रेचरचे रूळ आणि फिनेलचा वास एवढंच होतं. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं गावातल्या सुताराकडून करून घेतलं. सुतार भला माणूस, पण आयुष्यभर त्यानं देव्हारे आणि दिवाण केलेले. त्यानं 19 मिमीचा प्लाय वापरला. आठ बाय चारची एक शीट पस्तीस-चाळीस किलो भरते रे! मी तेव्हा कौतुकानं बघत होतो, काय मजबूत काम म्हणून.

दोन पावसाळ्यांत गाडी मागून बसली आणि डावीकडे कलली. पोरं म्हणायची, 'काका, तुमची गाडी लंगडायलीय.' रात्री झोपलं की मी घरंगळत ओट्याच्या फळीला चिकटायचो. खरोसा लेण्यांच्या पायथ्याला एक रात्र काढली, तिथं चहाचं पातेलं स्टोवरून आपोआप सरकत माझ्या मांडीपर्यंत आलं. त्या दिवशी ठरवलं, आता उचलायचीच.

आणि इथं मी माती खाल्ली. तुझ्याच सल्ल्यासारखा सल्ला एका गॅरेजवाल्यानं दिला. (गाव सांगत नाही, माझाही शहाणपणा त्यात होता.) 'शॅकल लांब घालतो साहेब, दोन तासांचं काम.' चारही पाट्यांना दोन इंच वाढीव शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी पट्टी) बसवले. संध्याकाळी मोजलं तर गाडी एकच इंच वर. मी भांडायला गेलो, पण घरी येऊन कागदावर रेघा मारल्यावर कळलं की माणूस फसवत नव्हता. शॅकल पाट्याच्या एका टोकाला असतो आणि अक्सल (चाकांचा आडवा दांडा) मधोमध. एक टोक दोन इंच सरकलं की मध्याच्या वाट्याला निम्मंच येतं. पैसे दोन इंचांचे, उंची एका इंचाची. भूमितीत नापास होणाऱ्याला हा दंड बरोबरच म्हणायचा.

पण खरी गंमत अंबाजोगाईहून रेणापूरमार्गे परत येताना झाली. साठच्या वर गाडी रस्ताभर पोहायला लागली. वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं की ते आपसूक सरळ येतं ना, ते येणंच बंद. पाट्याचं टोक खाली गेलं म्हणजे पाटा तिरका झाला आणि त्याला बांधलेला पुढचा अक्सलही फिरला. चाकाच्या किंगपिनला (चाक ज्या खुंटीवर वळतं तिला) मागं झुकलेला जो कोन असतो, कास्टर म्हणतात तो, तोच कमी झाला. मागं तर आणखी एक गाणं सुरू झालं, पन्नासला घूं घूं. मागच्या पिनियनचं (मागच्या अक्सलला ताकद देणाऱ्या दांड्याचं) तोंड वर झालं होतं. प्रोपेलर शाफ्टच्या (अक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वळते सांधे, असतात. ट्रान्सफर केसचा (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या डब्याचा) फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर असले तरच एका क्रॉसच्या वेगाची चढउतार दुसरा खाऊन टाकतो. ते बिघडलं की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर जातात. चाळीसच्या स्पीडनं लातूर गाठलं आणि गाडी थेट चाचांकडे लावली.

चाचा म्हणजे मोंढ्यामागचे पाटेवाले. चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक यांचे पाटे मारलेला माणूस. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, 'वजन किती हाय?' मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, 'मग काट्यावर जाऊन या. वजन ठाव नाही आन् गाडी उचलायला आलाव?'

काट्यावर मी तीन वेळा वजन केलं, काटेवाला वैतागला. आधी सगळी गाडी. मग नुसती मागची चाकं. मग (ही युक्ती लक्षात ठेव) नुसती डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर. मी आत बसून, टाकी भरून, एकूण 2420 किलो. त्यातले 1510 मागच्या अक्सलवर. आणि डावीकडे 1340, उजवीकडे 1080. अडीचशेहून जास्त किलोचा फरक! आरसी बुकातला आकडा तर कधीच मागं पडला होता. तो इथं लिहीत नाही, लाज वाटते.

डावीकडे काय नव्हतं सांग. 100 लिटरची टाकी म्हणजे 100 किलो. 150 एएचच्या दोन बॅटऱ्या, पंचावन्न-पंचावन्न किलोच्या. ओटा, सिलिंडर, भांडी, सगळं एकाच अंगाला, कारण दार उजवीकडे मागं. मी पाट्यांना शिव्या देत होतो आणि पाटे बिचारे नुसते खरं बोलत होते.

तू म्हणशील, डाव्या बाजूला एक जाड पाटा टाकून द्यायचा. मीही तेच म्हटलं. चाचा हसले. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, हे त्यांना सूत्रात येत नाही, पण हाताला माहीत आहे. रुंदी-लांबी तीच ठेवून 6 मिमीच्या जागी 8 मिमीचा पाटा घातला तर तो सव्वादोन पटीहून जास्त ताठ. भरलेली गाडी सरळ दिसेल, पण टाकी रिकामी झाली की उजवीकडे कलेल आणि खडबडीत रस्त्यावर डावं चाक दगडासारखं आपटेल. 'आजारी माणसाला उंच टाचंचा बूट घालून सरळ करायलाव का?' हे चाचांचं वाक्य.

मग मोजणी. यात मी माझी थोडी अक्कल लावली. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजायचं नाही, टायरची हवा कमी-जास्त असली की सगळं खोटं येतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. आणि जागा सपाट हवी. चाचांची फरशी सपाट दिसत होती, पण शेजारच्या गवंड्याकडून पाण्याची लेव्हल नळी आणली, तर दोन चाकांच्या जागेत सहा सुतांचा (पाऊण इंचाचा) फरक निघाला! फळ्या घालून चारही चाकं एका पातळीत आणली तेव्हा कुठं मापाला अर्थ आला. मागचं डावं उजव्यापेक्षा पावणेदोन इंच खाली. पुढचंही डावीकडे पाऊण इंच खाली. आता पुढची बाजू खरंच खराब आहे की मागची तिला ओढतेय? त्यासाठी चाचांनी मागं चॅसीच्या बरोबर मध्याखाली एकच जॅक लावून मागची चाकं जराशी अधांतरी केली. पुढचा कल नाहीसा झाला. म्हणजे पुढचे पाटे निर्दोष, सगळं दुखणं मागं.

मागचे पाटे सोडले आणि फरशीवर खडूनं एकाची आकृती काढून दुसरा त्यावर ठेवला. चाचा म्हणाले, 'ह्ये पाटे न्हाईत, सपाट पट्ट्या झाल्यात.' डावीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तडकलेला होता. तो बहुतेकदा तिथंच तडकतो, भोक पाडलं की तिथं ताण गोळा होतो. पाट्यांच्या मधे गंजाचा भुगा इतका की ते एकमेकांवर घसरतच नव्हते.

मेन पाटा आणि दुसरा पाटा दोन्ही बाजूंना नवे घेतले. खालच्या पाट्यांना चाचांनी थंडीच कमान दिली. भट्टीत लाल करून वाकवायला सोपं असतं, पण नंतर तेलात विझवून नीट कडक केलं नाही तर पोलाद मऊ राहतं आणि महिन्यात पुन्हा बसतं. थंड कामाला वेळ लागतो. पाटा होडीसारखा उताणा ठेवायचा आणि आतल्या पोटावर घण, एक-एक इंच सरकवत. दुपारभर तो आवाज ऐकत मी बसलो होतो. मधूनच ते पाटा उचलून एका डोळ्यानं बघायचे आणि अर्धा घाव जास्त मारायचे. खडूची रेघ आणि पाटा कुठंही केसभर सुटला नाही. मला तर हेवा वाटला. आपण आयुष्यभर एक्सेल शीट भरल्या, त्यातली एक तरी अशी जुळली का?

लांब शॅकल काढून भंगारात, मूळचे परत. स्टिअरिंगचं पोहणं आणि मागची घूं घूं तिथंच थांबली. यू बोल्ट (पाटा अक्सलला आवळणारे) नवे, जुने एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत. आणि एक गोष्ट तुझ्या मेकॅनिकलाही सांग: पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर बसली की मगच शेवटचं आवळायचं. नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. माझे आधीचे बुश का फाटत होते ते आत्ता कळलं.

दुसरीकडे मी घरी प्लाय उपसला. फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि 6 मिमीचा प्लाय. एक बॅटरी विकली, उरलेली उजवीकडे नेली. टाकी 50 लिटरची केली, तीही उजवीकडे. सुतार बघायला आला, अर्धा तास काही बोलला नाही, मग म्हणाला, 'ह्या फळ्या मला द्या, देव्हारे होतील.' दिल्या.

आता काट्यावर 2210. मागून गाडी अडीच इंच वर आली आणि पुढं काही न करता पुढची बाजूही सरळ झाली. मागं अर्धा इंच मुद्दाम जास्त ठेवलंय, नवे पाटे थोडे बसतातच. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, हेडलाइट नव्यानं जुळवलेत, आणि ब्रेकचे होज पाइप चाक लोंबकळताना ताणत नाहीत ना तेही बघितलं.

तुझे चार इंच का नाहीत म्हणशील. एक तर उंचीनं मागच्या अक्सलचा गोळा (डिफरन्शियल) जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरनं जातो, आणि तोही टायरच्या वाढीच्या निम्मा. आपल्या काळ्या रानात गाडी अडते ती गोळ्यामुळं आणि टायरच्या खाचांत भरणाऱ्या रेगडीमुळं. दोन तासांच्या पावसानंतर चाक म्हणजे मातीचं जातं होतं, तिथं चार इंच काय करणार? दुसरं, उंच छताची गाडी आणखी उंच केली की वळणावर झुकणार. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारं. कंपनीनं दिलेली उंची परत मिळवणं वेगळं, तिच्यापुढं जाणं वेगळं.

येळवसीला (वेळा अमावास्येला) ये. शेतात गाडी लावतोय, कडब्याच्या कोपीशेजारीच. आंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं आहे. आईनं तुझं नाव घेऊन दोनदा विचारलंय. रात्री गाडीतच झोपू, आता कुणी कुणाच्या अंगावर घरंगळणार नाही.

पण एक कर, वजन करून कळव. डावी बाजू उजवीपेक्षा 70 किलोनं हलकी ठेवलीय, शेजारी बसणाऱ्यासाठी. कॉलेजात तू 70चा होतास. आता किती आहेस ते खरं सांग, म्हणजे सिलिंडर कुठं ठेवायचा ते ठरवतो.

तुझा,
नाना