लेखा व्यवसायाची परीक्षा निवडताना सहीचा अधिकारही पाहावा

संपादक महोदय,

बारावीचे निकाल लागले की नौपाड्यापासून वाशीपर्यंत खासगी शिकवणी वर्गांचे फलक झळकू लागतात. सीए (सनदी लेखापाल), सीएस (कंपनी सचिव), सीएमए (परिव्यय, म्हणजे उत्पादनखर्चाचा, लेखापाल), एसीसीए आणि अमेरिकेची सीपीए या परदेशी लेखा पात्रता, ही सारी नावे एका ओळीत छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे लागणारा कालावधी व मिळू शकणारा पगार दिलेला असतो. मात्र यांपैकी कोणती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर भारतातील कायद्यानुसार कोणत्या कागदावर सही करता येते, ही माहिती मला अशा एकाही फलकावर आढळलेली नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्य बऱ्याच अंशी याच माहितीवर ठरते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कंपनीच्या वार्षिक हिशेबांचे वैधानिक, म्हणजे कायद्याने सक्तीचे, लेखापरीक्षण करण्याचा अधिकार कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४१ नुसार फक्त सनदी लेखापालाला, म्हणजे १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या व्यवसाय करणाऱ्या सदस्याला आहे. परिव्यय लेखापालांची संस्था १९५९ च्या आणि कंपनी सचिवांची १९८० च्या कायद्याखाली उभी आहे. ठरावीक वस्तूंचे उत्पादन करणाऱ्या आणि वार्षिक उलाढाल ३५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असलेल्या कंपन्यांना उत्पादनखर्चाच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्यांपैकी ज्यांना कलम १४८ खाली परिव्यय लेखापरीक्षण लागू होते, त्यांच्या अहवालावर परिव्यय लेखापालाचीच सही चालते. भरणा झालेले भागभांडवल १० कोटी रुपये किंवा अधिक असलेल्या कंपनीला पूर्णवेळ कंपनी सचिव नेमावा लागतो. एसीसीए ही ब्रिटनमधील संस्थेची पात्रता आहे. तिच्या १३ विषयांपैकी काहींतून आपल्याकडील पदवीधरांना सूट मिळते आणि आंतरराष्ट्रीय लेखामानकांचा पाया तिथे पक्का होतो, परंतु केवळ तिच्या बळावर भारतात वैधानिक लेखापरीक्षणाची सही करता येत नाही. अमेरिकेच्या सीपीएचेही तसेच आहे.

मी रबाळे येथील एका रासायनिक कारखान्याच्या हिशेब विभागात बरीच वर्षे काम करतो. ३१ मार्चला लेखापरीक्षकांकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, करणारी मुले आमच्या गोदामात येतात, पिंपे मोजतात, लेबलवरचा बॅच क्रमांक साठ्याच्या नोंदींशी ताडून पाहतात आणि अर्धवट भरलेल्या पिंपाचे वजन पुन्हा करायला लावतात. जे कागदावर लिहिले आहे ते खरोखर जागेवर आहे का, हे तपासण्याची सवय त्यांना तिथे लागते. आमच्याकडच्या परिव्यय लेखापाल बाईंचे काम वर्षभर निराळ्या दिशेने चाललेले असते. एक किलो माल तयार व्हायला किती वाफ आणि वीज लागली, किती सॉल्व्हंट परत मिळाले, सांडपाणी प्रक्रियेचा खर्च कोणत्या उत्पादनावर किती टाकायचा, हे त्या उत्पादन विभागातील लोकांशी बोलून ठरवतात. त्यांच्या एका तक्त्यावरून एका उत्पादनाची विक्री किंमत बदलल्याचे मी स्वतः पाहिले आहे. यातले एक काम वरचे आणि दुसरे खालचे असे मला कधीच वाटले नाही. मात्र ज्याला यंत्रांच्या आवाजात उभे राहून प्रश्न विचारायला आवडते आणि ज्याला दस्तऐवज आणि कायद्याची कलमे तपासण्यात रस आहे, त्या दोघांना एकच परीक्षा सुचवणे चुकीचे आहे.

सर्वांत जास्त गोंधळ सीएमए या तीन अक्षरांनी केला आहे. आपल्या परिव्यय लेखापालांची पात्रता याच नावाने ओळखली जाते आणि अमेरिकेतील एका संस्थेची दोन पेपरांची पात्रताही याच नावाने. आमच्या सोसायटीतील एका मुलीला आणि तिच्या वडिलांना प्रवेश घेताना एका शिकवणी वर्गाने हा फरक सांगितला नाही. वडिलांचे कळव्यात दुकान आहे आणि मुलीने ठाण्यातच स्वतःचे कार्यालय थाटावे एवढीच त्यांची इच्छा होती. ती शिकत असलेली परीक्षा अमेरिकेतील संस्थेची असून तिच्या जोरावर भारतात व्यवसायाचा परवाना मिळत नाही, हे त्यांना पहिले वर्ष संपत आल्यावर समजले. भरलेली फी परत मिळाली नाही. त्या परीक्षेत काहीच दोष नाही. ऐरोली किंवा महापे परिसरातील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कार्यालयांत अंदाजपत्रक आणि वित्तीय विश्लेषणाची नोकरी करू इच्छिणाऱ्याला तिचा निश्चित उपयोग होतो. पण तशी नोकरी करणे हा या मुलीचा विचारच नव्हता.

कालावधीच्या आकड्यांविषयीही बोलले पाहिजे. सनदी लेखापालांच्या नव्या अभ्यासक्रमात आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, प्राथमिक व मध्यम स्तराच्या परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागल्या आहेत, आणि हे बदल विद्यार्थ्यांच्या सोयीचेच आहेत. तरीही उत्तीर्ण होण्याचा नियम कडक आहे. प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि विषयांच्या गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळवावे लागतात. त्यामुळे बाकी विषयांत उत्तम गुण असूनही एका विषयात ३९ मिळाले तर तो गट उत्तीर्ण होत नाही. जाहिरातीतील कालावधी हा कुठेही न अडखळलेल्या विद्यार्थ्याचा असतो, हे पालकांना आधीच सांगितले तर दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी घरात होणारे कटू बोलणे तरी टळेल. एसीसीएच्या बाबतीत परीक्षा शुल्क आणि वार्षिक वर्गणी पौंडांत भरायची असते, हेही फीच्या तक्त्यात स्पष्ट हवे.

सनदी लेखापालांच्या संस्थेच्या ठाणे आणि नवी मुंबई अशा दोन्ही ठिकाणी शाखा आहेत, तर कंपनी सचिवांच्या संस्थेचे प्रशिक्षण केंद्र बेलापूरला आहे. आपल्या भागातील कनिष्ठ महाविद्यालयांनी या संस्थांना आणि परिव्यय लेखापालांना अकरावीच्या वर्षातच एकत्र बोलवावे आणि पालकांनाही सोबत बसवावे. वक्ते म्हणून पदाधिकाऱ्यांपेक्षा रोज हे काम करणारी, नुकतीच उत्तीर्ण झालेली मुले-मुली आणावीत, कारण आर्टिकलशिपमध्ये दिवस कसा जातो हे तीच नेमके सांगू शकतील. शिकवणी वर्गांनी प्रवेश अर्जावरच पात्रता देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव, तिचा देश आणि भारतात मिळणारा वा न मिळणारा सहीचा अधिकार मराठीत छापावा आणि त्याखाली पालकाची सही घ्यावी. आपल्या वृत्तपत्रानेही अशा वर्गांच्या जाहिराती स्वीकारताना एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात, अशी अट घालावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई