अभ्यासिकेतला उजेड टेबलावर मोजा

मा. संपादक,

महोदय,

महाल, सक्करदरा, नंदनवनपासून प्रतापनगरपर्यंत नागपुरात आज गल्लोगल्ली अभ्यासिका दिसतात. जागा घेताना विद्यार्थी वाय-फाय, कूलर आणि महिन्याची फी विचारतो. उजेडाचे काही विचारावे असे त्याला सुचतही नाही, कारण वर पाहिले की छत ट्यूबलाइटांनी झगझगत असते. वही मात्र पार्टिशनच्या कप्प्यात असते. तिथे डोक्याची सावली, खांद्याची सावली आणि प्लायच्या तिन्ही भिंतींची सावली एकत्र पडते.

आकड्यांत बोलू. हॉल 30 बाय 20 फुटांचा, म्हणजे 600 चौरस फूट, साधारण 56 चौरस मीटर. वाचन-लेखनासाठी टेबलावर 300 लक्स उजेड असावा, असे धरले जाते. ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. 300 गुणिले 56 म्हणजे 16,800 ल्युमेन थेट टेबलाच्या पातळीवर पोहोचायला हवेत. 20 वॅटची चांगली एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांब दिवा, सुमारे 2000 ल्युमेन देते. त्यातले जवळपास निम्मे भिंती, छत आणि फर्निचर गिळते. उरलेल्यातले आणखी 30 टक्के वर्षभरातली धूळ आणि एलईडीचे वय यांच्या खाती जातात. एका बॅटनमागे कामाचे उरतात 700 ल्युमेन, म्हणून बॅटन लागतात 24. हिशेबात चूक नाही, पण हा हिशेब मोकळ्या हॉलचा आहे. कप्पे उभे राहिले की तो कोलमडतो. मग मालक आणखी चार बॅटन लावतो, छत आणखी झगझगते आणि पानावरचा अंधार तसाच राहतो.

उपाय सोपा आहे आणि वीजही कमी लागते. छताला 24 ऐवजी 12 बॅटन ठेवाव्यात. चालण्या-फिरण्यापुरता आणि डोळ्यांना एकदम काळोख न वाटण्यापुरता तेवढा उजेड पुरतो. प्रत्येक टेबलाला 5 वॅटचा, फूटभर लांबीचा एलईडी प्रोफाइल, म्हणजे पट्टीसारखा दिवा द्यावा, दुधी कव्हरचा. त्याचे 500 ल्युमेन होतात. वरचीच वजावट लावली तरी 3 बाय 2 फुटांच्या टेबलावर सरासरी 300 लक्स एकट्या त्याच्याकडून मिळतात. 36 जागांसाठी 180 वॅट आणि छताचे 240, एकूण 420 वॅट. आधीच्या 24 बॅटनचे 480 होत होते. शिवाय रिकाम्या टेबलाचा दिवा बंद ठेवता येतो.

हा दिवा लावायचा कुठे, इथे बहुतेकांचे चुकते. सुतार तो सवयीने समोरच्या पार्टिशनवर मधोमध ठोकतो. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो आणि पार्टिशनची वरची कडही तिथेच, त्यामुळे दिवा सरळ डोळ्यांत येतो. त्याचे प्रतिबिंब झेरॉक्सच्या गुळगुळीत पानावर उमटते आणि अक्षर पुसट दिसते. दिवा डाव्या पार्टिशनवर, टेबलापासून 16 ते 18 इंचांवर असावा. म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडत नाही. प्रोफाइलपुढे दोन इंचांची पट्टी आडवी लावावी, म्हणजे शेजाऱ्यालाही त्रास नाही. डावखुऱ्यांसाठी एखादी रांग उलटी ठेवावी. कप्प्याच्या आतला सनमायका फिका आणि मॅट हवा, कारण उजव्या बाजूचे पार्टिशनच उजेड परत पानावर टाकते. गडद अक्रोडी रंग दिसायला झोकदार असतो, पण तो जवळपास सगळाच उजेड पिऊन टाकतो.

वायरिंगचे दोन शब्द. टेबलाचे दिवे 12 व्होल्टवर घेऊ नयेत, 24 वर घ्यावेत. सहा टेबलांची रांग 30 वॅटची. ती 12 व्होल्टवर अडीच अँपिअर ओढते, 24 वर सव्वा. अँपिअर जास्त तेवढी वायरीत वीज जास्त वाया जाते. त्यामुळे बारीक वायरीत 12 व्होल्टच्या दिव्यांचा उजेड शेवटच्या टेबलापर्यंत जाता जाता मंदावतो आणि तक्रार मात्र ‘तो दिवा खराब आहे’ अशी येते. प्रत्येक रांगेला 40 वॅटचा स्वतंत्र ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज करून देणारा डबा) द्यावा, म्हणजे तो पूर्ण भारावर तापत नाही. मोबाइल चार्जिंगचे सॉकेट 230 व्होल्टचे असतात. त्यांची वायर प्लायमधून उघडी न नेता पाइपातून न्यावी, अर्थिंग करावे आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावी. इथे काटकसर नको.

आता नागपूरचा उन्हाळा. एप्रिल उजाडला की खिडकीत कूलर बसतो, उरलेल्या खिडक्यांवर जाड पडदे येतात आणि भर दुपारी दोन वाजता हॉल रात्रीसारखा होतो. त्यामुळे नैसर्गिक उजेड गृहीत धरून आखलेली योजना नेमकी परीक्षांच्या दिवसांत उघडी पडते. हिशेब खिडक्या बंद धरूनच करावा. स्विच मात्र खिडकीला समांतर रांगांनुसार असावेत, म्हणजे हिवाळ्यात खिडकीकडची रांग बंद ठेवता येते. कूलरच्या ओलसर हवेने कव्हरवर धूळ चिकटून बसते, म्हणून महिन्यातून एकदा दिवे बंद करून कोरड्या फडक्याने पुसावेत. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅब आणि फॉल्स सीलिंगच्या मधल्या पोकळीत ड्रायव्हर कोंबू नये. दर 10 अंश जादा तापमानाला त्यातल्या कपॅसिटरचे (विजेचे चढउतार सपाट करणाऱ्या भागाचे) आयुष्य साधारण निम्मे होते. पारा 45 वर गेल्यावर त्या पोकळीत काय होत असेल, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

कपॅसिटर थकला की दिवा लगेच बंद पडत नाही, तो लुकलुकू लागतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलका ड्रायव्हर सेकंदाला 100 वेळा उजेड कमी-जास्त करतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचे चित्रण करून पाहा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो ड्रायव्हर बदलायचा. पंख्यामुळे होणारी थरथर वेगळी. बॅटन छताला चिकटवून तिच्याखाली पंखा लावला की पात्यांची सावली पानावर नाचत राहते. 48 इंची पंखा असेल तर बॅटन त्याच्या मध्यापासून किमान तीन फूट दूर आणि पात्यांच्या पातळीपेक्षा सहा इंच खाली, साखळीवर सोडावी.

रंगाचे थोडक्यात. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात, आकडा मोठा तेवढी ती निळसर. दुकानात न मागता हातात पडते ती 6500 केल्विनची निळसर पांढरी ट्यूब, कारण पांढरीशुभ्र दिसली की उजेड जास्त असा समज आहे. ल्युमेन जवळपास तेवढेच असतात. रात्री अकरा-बारापर्यंत बसणाऱ्यांसाठी 4000 केल्विन बरी, निळसर उजेडाने झोप उशिरा लागते. खरेदीवेळीच त्याच लॉटमधले दोन-चार जादा नग घेऊन ठेवावेत, नाहीतर वर्षभरात छत दोन रंगांचे होते.

महापालिकेची वाचनालये असोत की खासगी अभ्यासिका, कंत्राटात ‘20 वॅटचे अमुक नग’ एवढेच लिहिले की ठेकेदार नग मोजून देतो आणि बिल उचलतो. त्याऐवजी ‘प्रत्येक टेबलावर, पुस्तक ठेवण्याच्या जागी 300 लक्स’ असे लिहावे आणि ते मोजूनच बिल पास करावे. मोजणी सूर्यास्तानंतर, दिवे 15 मिनिटे लागल्यावर, खुर्चीत माणूस बसवून आणि लक्समीटर टेबलावर ठेवून करावी. मोबाइलच्या अ‍ॅपवर बिल पास करू नये. एका टेबलाची दुसऱ्याशी तुलना करण्यापुरतेच ते ठीक. एका टेबलावर पाच ठिकाणी वाचन घ्यावे. सर्वांत कमी वाचन सरासरीच्या 60 टक्क्यांखाली गेले, तर दिव्याची जागा बदलून पुन्हा मोजावे.

– प्रकाशयोजना व वायरिंगच्या व्यवसायातील वाचक, नागपूर