देव न मानणाऱ्यांचं म्हातारपण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या पानावरचा ‘उतारवयात देवाचाच आधार’ या आशयाचा लेख वाचला. लेखकाची तळमळ कळते. पण देव न मानणाऱ्याचं आयुष्य पोकळच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. मी सत्तरी ओलांडलेली, परळमध्ये राहणारी नास्तिक बाई आहे. मला हे पटलं नाही.

र. धों. कर्वे याच मुंबईतले आणि पक्के नास्तिक. 1921 साली त्यांनी इथे संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मधल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. पुण्य गाठीला बांधायचं नव्हतं, पुढचा जन्म तर त्यांच्या लेखी नव्हताच. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायकांचे हाल थांबावेत, एवढं कारण त्यांना जन्मभर पुरलं.

माझ्या यजमानांनी देहदान केलं. नेत्रदानाला काही तासांचीच मुदत, मग देह वैद्यकीय महाविद्यालयात पोचवायचा. त्या धावपळीत रडायलाही सवड मिळाली नाही. तेरावं केलं नाही म्हणून नातेवाईक दुखावले. जाऊबाई म्हणाल्या, “आता मन कशात रमवणार गं?” मायेनंच विचारलं त्यांनी. ‘वर भेट होईल’ हा दिलासा मला नाही आणि रात्री त्याची उणीव भासते, हे मी लपवत नाही. पण डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाची मुलं त्यांच्या देहावर शिकली असतील, या विचारानं उभारी येते. सकाळी मी टाटा रुग्णालयाच्या परिसरात जाते. गावाकडून आलेल्या नातेवाइकांना अर्ज भरून देते, कागद लावून देते, कुणी नुसतं बोलत बसलं तर ऐकते. त्यांच्यातले बहुतेक कपाळाला अंगारा लावून आलेले असतात. त्यावरून वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही.

एक विनंती आहे. या पानावर प्रवचनांच्या वेळा आणि यात्रांची माहिती असते, ती असू द्या. सोबत देहदानाचं संमतिपत्र कुठे भरायचं, मृत्यूनंतर आधी कुणाला कळवायचं, विधी नको असतील तर शोकसभा कशी घ्यायची, हेही छापा. आणि घरच्यांशी आधीच बोलून ठेवायला जरूर सांगा. वारस ऐन वेळी अडून बसले, तर भरलेलं संमतिपत्र कपाटातच राहतं.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई