भाऊबीजेच्या बेताबद्दल शेजारच्या काकूंना

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. भाऊबीजेला पाहुण्यांना काय वाढायचं, सांगलीत घरोघरी हीच धांदल असते.

आमच्याकडे मिरज, तासगाव, विट्याहून माणसं यायची आणि ओवाळून झालं की दुपारी पुढच्या घरी जायची. नाश्ता म्हणावा तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर. तुम्हाला विचारायला आले तेव्हा मी पुरी-भाजी, थालीपीठ, शिरा असं लिहून आणलं होतं. तुम्ही पेन घेतलंत आणि आधी पुरी खोडलीत, मग थालीपीठ. "एकेक करून वाढायचं काही ठेवू नको गं. करणारी गॅसपाशीच अडकते." शिराही गेला, कारण लाडू-करंज्यांचे डबे भरलेलेच होते आणि भाऊबीजेपर्यंत सगळ्यांची जीभ तिखट मागायला लागते.

राहिली मिसळ. १५ माणसांना अर्धा किलो मटकी, दोन दिवस आधी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायची. आदल्या रात्री उसळ आणि कट दोन्ही करून ठेवायचं, पण वेगवेगळ्या पातेल्यांत. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण यांचं वाटण, त्यात घरची कांदा-लसूण चटणी. रात्रभरात कट असा मुरला की सकाळी गरम करताना वास जिन्यापर्यंत गेला होता. उसळ वेगळी असल्यामुळे पोरांनी नुसती उसळ आणि दही घेतलं, कुणाला पाणी पाणी झालं नाही. फरसाणाऐवजी फराळातलीच शेव आणि चिवडा वर घालायचा, हे तर मला कधीच सुचलं नसतं!

आजेसासूबाईंना तिखट चालत नाही, दातही नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही दडपे पोहे सांगितलेत. पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी शिंपडायचं, ओलं खोबरं, बारीक कांदा, लिंबू, मीठ-साखर घालून झाकून दडपायचं आणि वरून हिंग-कढीपत्त्याची फोडणी. त्यांच्या वाटणीचे दाणे कुटून घातले. त्यांनी दोनदा मागून घेतले.

पण काकू, खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. आमच्या सासूबाईंचे भाऊ दरवर्षी येतात, आणि दरवर्षी सासूबाई त्यांना स्वयंपाकघरातूनच वाढतात. मागून गार झालेलं एकट्या जेवतात. यंदा अकराच्या सुमारास पातेली, पाव, ताकाचा जग सगळं टेबलावर आणून ठेवलं आणि सासूबाई मामांच्या शेजारी बसल्या. मामा त्यांच्या वाटीत कट ओतत होते. दोघं लहानपणीच्या हरिपूरच्या घराबद्दल बोलत होते, आणि त्यांना उठायचं कारणच नव्हतं. त्यांचा इतका मोकळा चेहरा मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. हे तुमच्यामुळे घडलं.

गुढीपाडव्याला मात्र घरच्यांना श्रीखंड-पुरीच हवी आहे. त्या पुऱ्यांचं काय करायचं ते विचारायला येईनच.

तुमची,
शेजारची सूनबाई