अर्जातला तो रकाना

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आज लिहायला बसले. भाचा सुट्टीत कुठेतरी काम धरायचं म्हणतोय हे ऐकून बरं वाटलं. अर्ज भरताना 'किती काळ काम करू शकाल?' या रकान्यापाशी तो अडला, आणि बाबा, तुम्ही मागून त्याला म्हणालात, "सुट्टीपुरतं म्हणून सांगितलंस तर कोण ठेवेल तुला? कायम करीन म्हण, पुढचं पुढे बघू." मी तेव्हा गप्प राहिले. हेच वाक्य तुम्ही मलाही सांगितलं होतं, मी १९ वर्षांची असताना. मी ते तसंच्या तसं म्हटलंही होतं. पुढे काय झालं ते तुम्हा दोघांना आजवर सांगितलेलं नाही.

तुम्हाला दोष देत नाही, बाबा. फीचे पैसे कसे उभे करायचे या विचारात तुम्ही रात्र रात्र जागत होतात, हे मला दिसत होतं. मलाही ते काम हवंच होतं.

पुस्तकांच्या दुकानातलं काम होतं. मालकांनी विचारलं, "कॉलेज सुरू झाल्यावर काय?" मी म्हटलं, सकाळच्या वर्गांना प्रवेश घेणार, दुपारपासून येईन. असं काही ठरलेलं नव्हतं. कॉलेज दिवसभराचं होतं आणि ते कधी सुरू होणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

तिथे एक बाई होत्या, सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी मला हाताशी धरलं. पहिले दोन आठवडे मी नुसती त्यांच्या बाजूला उभी असायचे. नाव अर्धवट आठवणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमकं पुस्तक कसं काढून द्यायचं, रात्री गल्ला आणि बिलं कशी जुळवायची, न खपलेल्या प्रती कुठला प्रकाशक किती मुदतीत परत घेतो, सगळं त्यांनी शिकवलं. त्यासाठी एक वहीच करून दिली. प्रत्येक प्रकाशकाला एक पान, समासात लाल शाईने मुदती, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात माझं नाव. एकदा त्या म्हणाल्या, "आता तू तयार झालीस की मला आठवड्याची सुट्टी घेता येईल." किती वर्षं त्यांना ती मिळाली नव्हती, हे मी विचारलं नाही.

नवव्या आठवड्यात मी काम सोडलं, दोन दिवस आधी सांगून. कारण काय द्यायचं? एकदा खोटं बोलून बसले होते, ते झाकायला दुसरं लागलंच. आई, मी तुझ्या तब्येतीचं निमित्त सांगितलं. तू तेव्हा ठणठणीत होतीस. शेवटच्या संध्याकाळी ताईंनी पगाराचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाल्या, "आईला जप हो. बरं वाटलं की ये परत." वही मी काउंटरवर ठेवली आणि निघाले. नंतर त्या रस्त्याने कितीदा गेले असेन, पण दुकानाची पायरी चढायची हिंमत झाली नाही.

आज मी टेबलाच्या पलीकडे बसते. माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तो रकाना तिथून कसा दिसतो ते सांगते. नवा माणूस पहिले काही आठवडे जेवढं काम करतो, त्याहून जास्त वेळ तो जुन्या माणसाचा घेतो. पुढे काही महिने तो टिकणार, या हिशेबावर आम्ही तो वेळ घालतो. कुणी आधीच दोन महिन्यांचं सांगितलं, तर त्याला मी दोन दिवसांत शिकता येईल अशा कामावर घेते: मालाची मोजदाद, नोंदी, रजेवर गेलेल्यांच्या जागी बसणं. सुट्टीच्या हंगामात अशी माणसं लागतातच, ती शोधावी लागतात. अर्ज करणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि ती कायमच्या जागेसाठी खोटं बोलत बसतात.

काही ठिकाणी नकार मिळेल, हे खरं आहे. दोन-तीन जागा हातच्या जातील. त्याची तयारी त्याने ठेवावी आणि पुढचा अर्ज भरावा. खरी तारीख सांगून आलेल्या आणि त्या तारखेपर्यंत नीट काम केलेल्या मुलांना पुढच्या सुट्टीत मी स्वतः फोन करते.

तुम्ही म्हणाल, मालक तरी कुठे सगळं खरं सांगतात? बाबा, ते मीही पाहिलंय. हंगाम संपला की काढायचंच असं मनात धरून 'कायम' म्हणून घेणारे असतात, आणि त्याची मला चीडच येते. पण माझ्या खोट्याची झळ मालकांना लागली नाही. त्यांनी दुसरी मुलगी ठेवली असेल. सुट्टी गेली ती ताईंची, आणि त्या नव्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं असेल.

त्याने सगळा जन्माचा आराखडा मांडावा असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी काय करायचं हे त्यालाच ठाऊक नसेल, तर ते कुणी विचारत नाही आणि सांगायची गरजही नाही. खरंच ठरलेलं नसेल, तर 'अजून ठरलेलं नाही' हेसुद्धा खरंच उत्तर आहे. पण जायची तारीख पक्की ठाऊक असताना कुणी सरळ विचारलं, तर ती सांगायची. "अमुक तारखेपर्यंत रोज येईन, त्यानंतर जमलं तर शनिवार-रविवार," एवढं एक वाक्य पुरतं. मध्येच बेत बदलला, तर कळेल त्याच दिवशी जाऊन सांगायचं.

आई, तुझ्या नावावर आजारपण खपवलं, त्याबद्दल तुझी माफी मागायची होती. फोनवर तोंडातून निघालं नसतं.

आणि बाबा, अर्ज अजून पाठवला नसेल तर त्या रकान्यात तारीख घालायला त्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर आत्याचा उपदेश वाटेल. तुमचं तो ऐकतो.

तुमची,
लेक