बाबांच्या नाकातले थेंब

निशी-कासाई, टोकियो
12 मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझा चोंदलेला आवाज ऐकून तुझा जीव खालीवर झाला, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. ही सर्दी नाही, आई, झाडांच्या परागाची अ‍ॅलर्जी आहे. ताप नाही, अंग मोडून आलेलं नाही. इथे फेब्रुवारीपासून सुगी नावाची उंच, सरळसोट झाडं पराग सोडतात आणि पश्चिमेच्या डोंगरांवरून ते वाऱ्याबरोबर शहरात येतात. सुगी आटोपली की एप्रिलमध्ये हिनोकी नावाच्या झाडांची पाळी. मे महिना लागला की नाक मोकळं होतं. जपानमधल्या 2019 च्या पाहणीत 38.8 टक्के लोकांना सुगीचा त्रास असल्याचं दिसलं होतं, म्हणजे ऑफिसात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आज पराग किती उडणार हे इथे हवामानाच्या बातम्यांत सांगतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथले डोंगर उघडेबोडके झाले होते. घरं बांधायला लाकूड हवं, म्हणून 1950 आणि 60 च्या दशकांत डोंगरच्या डोंगर सुगीने भरले. पुढे परदेशातलं लाकूड स्वस्त पडायला लागलं आणि ही झाडं तोडायची राहून गेली. झाड पंचवीस-तीस वर्षांचं झालं की पराग भरभरून येतो. 1964 मध्ये टोकियोच्या उत्तरेकडच्या निक्को गावातल्या रुग्णांवरून सुगीच्या या अ‍ॅलर्जीची पहिली नोंद झाली. 2023 मध्ये सरकारने ठरवलं की दहा वर्षांत सुगीची जंगलं वीस टक्क्यांनी कमी करायची आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचा. झाडं लावणाऱ्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. घरं जळालेल्या माणसांना लाकूड हवंच होतं.

दिवस कसाही निघतो. मास्क असतो, काम असतं. खरा छळ रात्री. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, नाकातली आतली त्वचा फुगते आणि वाट बुजते. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते, कूस बदलली की दुसरी. मग तोंडाने श्वास घ्यायचा. नाकातून जाणारी हवा ओली आणि कोमट होऊन जाते, तोंडाने ती कोरडीच जाते. म्हणून रात्री दोन-तीनला घसा सुकून जाग येते आणि त्या वेळी घर फार दूर वाटतं.

औषध चालू आहे, काळजी करू नकोस. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा आहे. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून पराग सुरू होण्याच्या आधीपासूनच घेते. गोळी झोप न आणणारी आहे. घरी आल्यावर आधी केस धुते, नाहीतर केसांतले पराग उशीवर उतरतात. कपडे घरातच वाळवते. उशाला उंची दिली आहे. तू पाठवलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगून झोपते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मिठाच्या पाण्याने नाकही धुते, पण पाणी उकळून गार केलेलं. आपल्याकडे योगवर्गाला जाणाऱ्या काकूंना हे मुद्दाम सांग, नेतीला नळाचं पाणी तसंच घेऊ नये.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बाबा रोज झोपताना नाकात थेंब टाकतात ना, मेडिकलमधून आणलेले? मी इथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना त्या थेंबांबद्दल विचारलं. नाक पटकन मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घ्यायचे नसतात. पुढे त्यांचा जोर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग माणूस परत थेंब टाकतो. बाबांचं वर्षानुवर्षं तेच चाललं असणार. शिवाय त्यांना बीपीची गोळी आहे, आणि या थेंबांनी बीपी वाढू शकतं. त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना हे थेंब माहीत तरी आहेत का?

आणि तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही: घोरता घोरता ते एकदम थांबतात आणि मग दचकून श्वास घेतात. दुपारी पेपर वाचताना त्यांचा डोळा लागतो तो वयामुळे असं आपण धरून चाललोय. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो, त्याची झोपेची तपासणी करता येते आणि त्यावर उपचार आहेत. नाक मोकळं झालं म्हणून तो आपोआप बरा होतोच असं नाही, तेव्हा दोन्ही तपासायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना थेंबांची बाटली बरोबर ने. श्वास थांबतो ते तूच सांग, बाबा सांगणार नाहीत. जमलं तर रात्री मोबाइलवर त्यांचं घोरणं रेकॉर्ड करून ठेव. पावसाळ्यानंतर त्यांचं नाक जास्त बिघडतं हेही सांग. मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजतं, त्याच्या परागानेही हा त्रास होतो. थेंब कसे सोडायचे तेही डॉक्टरांनाच विचारा. सुरुवातीचे काही दिवस नाक फार चोंदेल, बाबा चिडतील. तेव्हा तू नरम पडू नकोस.

दादाला मी वेगळं लिहिते आहे, तो गाडी घेऊन येईल. वेळ कधीची मिळाली ते मला कळव.

तुझी,
धाकटी